फी बाप देतो, पक्षकार मूल असते

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा,
आणि सर्व जिल्हा व तालुका वकील संघांचे पदाधिकारी

विषय : बाल न्याय मंडळापुढची आपली वकिली

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी फौजदारी वकिली करते. माझ्या कामाचा मोठा भाग बाल न्याय मंडळापुढचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचा आहे. जिल्हा कोणता ते लिहीत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख पटेल असे काहीही छापायला मनाई करते, आणि गाव लहान असले की ओळख पटायला आडनावसुद्धा लागत नाही. खाली ज्या मुलांविषयी लिहिले आहे त्यांचे तपशील म्हणूनच बदललेले आहेत.

हे पत्र पोलिसांना किंवा सरकारला लिहिता आले असते. त्यांच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, आणि बाररूममध्ये चहाबरोबर आपण त्या रोज करतोच. पण मला बोलायचे आहे ते आपल्याविषयी. मंडळापुढे मुलाच्या बाजूने उभा राहणारा वकील पुष्कळदा मुलाचा नसतोच. तो बापाचा असतो, मामाचा असतो, गल्लीतल्या ‘भाऊं’चा असतो, नाहीतर त्या दिवशी मोकळा सापडलेला कुणाचा तरी ज्युनिअर असतो.

‘भाऊं’पासून सुरुवात करते, कारण तिथे गोष्ट सगळ्यात उघडी आहे. सतरा वर्षांचा मुलगा, बरोबर चार सज्ञान आरोपी, कोयत्याने मारहाण, कलम खुनाच्या प्रयत्नाचे. सज्ञान आरोपी सत्र न्यायालयात, मुलगा मंडळापुढे. दोन्हीकडे वकील एकच आणि फी एकाच खिशातून. मुलगा परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) सांगतो, कोयता माझ्याच हातात होता, बाकीचे भांडण सोडवायला आले होते. सांगताना कुठे अडखळत नाही, कारण ते त्याला पाठ आहे. त्याच्या आईने विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केल्यावर ते काम माझ्याकडे आले, तेव्हा आधीचे वकीलसाहेब मला व्हरांड्यात म्हणाले, यात पोराचं नुकसान काय? जास्तीत जास्त तीन वर्षं, तीही विशेष गृहात. आणि चार घरं वाचतात. हिशोब चोख होता. फक्त तो त्या चौघांचा होता.

गुन्हा अंगावर घ्यायला पोर पुढे करण्याची ही रीत आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रे त्या पोरांना ‘कोयता गँग’ म्हणतात. कोयता हातात देणारा कोण, हे शोधण्यात फारसा कुणाला रस नसतो. अधिनियमाचे कलम ८३ नेमके त्याच्यासाठी आहे: मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. मुलाच्या वकिलाच्या हातातले हे सगळ्यात धारदार हत्यार. पण ते उगारायचे कोणावर? ज्याच्या खिशातून फी येते त्याच्यावर. मग ते म्यानातच राहते. दोन प्रौढ आरोपींचे बचाव एकमेकांविरुद्ध जाऊ लागले की आपण दुसरा वकील बघायला सांगतो, तेवढी लाज आपल्या व्यवसायात अजून शिल्लक आहे. मुलाच्या बाबतीत ती का सुटते? सज्ञान सहआरोपीच्या वकिलाने त्याच गुन्ह्यातल्या मुलाचे वकीलपत्र घेऊ नये, एवढा साधा नियम बार कौन्सिलने केला, तरी पुढचे अर्धे पत्र मी मागे घ्यायला तयार आहे.

बापाची गोष्ट इतकी सरळ नाही. बाप बहुतेक वेळा मुलाचे वाईट चिंतत नसतो. तो घाबरलेला असतो, चिडलेला असतो, त्याचा रोज बुडालेला असतो. माझ्या कार्यालयात आलेला एक बाप म्हणाला, मॅडम, जामिनाची घाई करू नका, राहू द्या रिमांड होममध्ये महिनाभर, अक्कल येईल. दुसऱ्याला जामीन आजच हवा होता, कारण बहिणीचे लग्न ठरले होते आणि पाहुण्यांना कळता कामा नये. दोघांनीही मुलाला काय हवे ते विचारले नव्हते. वकीलपत्रावर पालकाची सही असते, पैसे त्याचे असतात, बोलतोही तोच. त्यामुळे आपण सवयीने त्याच्याकडे बघून बोलतो आणि मूल खुर्चीच्या कडेला बसून पायाने फरशी खरवडत राहते.

मी पालकांना पहिल्या भेटीतच बाहेर थांबायला सांगते. काही जण चिडतात, एकाने वकील बदलला. पण बापासमोर मूल खरे बोलत नाही. दारू कुणी आणली, पैसे कुठून आले, मुलगी कोण, घरात मारतात का, यातले काहीच नाही. आणि एकटे असले तरी ते लगेच बोलेल असे नाही. त्याच्या लेखी काळा कोट म्हणजे पोलिसांचीच माणसे. म्हणून मी कोट गाडीत ठेवते. ‘केलंस का’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारत नाही. कालपासून काय खाल्लं, झोप लागली का, आत कुणी ओळखीचं भेटलं का, इथून सुरू करते. ‘समजलं का?’ हा तर सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. त्याचे उत्तर शाळेपासून ‘हो’ असेच असते. मी सगळे समजावून झाल्यावर म्हणते, आता तू मला सांग, उद्या काय होणार? एका हुशार, नववीतल्या मुलाने उत्तर दिले, उद्या मला मोठ्या जेलात नेणार आणि तुम्ही आईला सांगणार. मी अर्धा तास बोलले होते त्यातले एक अक्षर पोहोचले नव्हते. एखाद्या प्रौढ पक्षकाराशी बोलायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ इथे लागतो, आणि त्या वेळेची फी कोणी देत नाही. आपण मुलांशी कमी का बोलतो याचे अर्धे कारण हेच आहे, उगाच तत्त्वज्ञानात शिरायला नको.

आता वय. कायद्याने अठरा पूर्ण नसणे हा या मुलांचा पहिला बचाव, आणि तोच सगळ्यात ढिसाळपणे मांडला जातो. आपल्या गावोगावच्या शाळांत पूर्वी मास्तरांनी दाखला लिहिताना जन्मतारीख सरसकट १ जून टाकली, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे; कित्येक वकिलांचा स्वतःचा वाढदिवस १ जूनला असतो. कलम ९४ प्रमाणे शाळेचा किंवा दहावीचा दाखला आधी, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. पण पोलीस ठाण्यात मुलगा दाढी फुटलेला दिसला की कागदावर ‘वय १९’ पडते, आणि आपण तोच आकडा जामीन अर्जात उतरवतो. दाखला आणायला कुणाला तरी गावी पाठवा, हे सांगायचे राहून जाते. शाळा दुसऱ्या राज्यात असेल तर विचारायलाच नको.

त्याची किंमत काय असते ते पुण्याच्या एका खटल्यात दिसले. १९९४ मध्ये तिथे एकाच कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. त्यातल्या एका आरोपीला फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००० साली कायमही केली. कागदोपत्री तो सज्ञान होता. पुढे राजस्थानातल्या त्याच्या शाळेचे रेकॉर्ड निघाले आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून तो बाहेर आला. गुन्हा भयंकर होता, मारले गेलेल्यांत लहान मुलेही होती, आणि त्या घराचे दुःख कुठल्याही दाखल्याने कमी होत नाही. पण पुण्याच्या सत्र न्यायालयापासून दिल्लीपर्यंतच्या पहिल्या फेरीत तो दाखला फायलीवर आला नाही, आणि दाखला आणण्याचे काम न्यायाधीशांचे नसते, वकिलाचे असते. (नाव मुद्दाम लिहीत नाही. बाकीच्यांनी छापले, म्हणून ते कायद्याने मूल नव्हते असे होत नाही.)

जामिनाकडे वळते. कलम १२ आपल्या नेहमीच्या जामिनापेक्षा वेगळे आहे, गुन्हा जामीनपात्र आहे की नाही याच्याशी त्याचे देणेघेणे नाही. मुलाला सोडायचे हा नियम, आणि अपवाद तीनच: सोडल्याने ते ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल. सोडायचे तेही जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात. तरी आपले अर्ज बघा. ‘अर्जदार निर्दोष असून त्यास खोट्या गुन्ह्यात गोवले आहे, अर्जदार कायमचा रहिवासी आहे, फरार होणार नाही, योग्य तो जामीनदार देण्यास तयार आहे.’ सत्र न्यायालयातला साचा, वरचे नाव बदललेले. ज्या कलमाखाली अर्ज आहे त्यातल्या तीन अपवादांवर एक ओळ नाही. घरी कोण आहे, मूल कुठल्या नातेवाइकाकडे राहू शकेल, शाळा परत घेईल का, ज्या संगतीची भीती आहे तिच्यापासून ते कसे लांब राहील, हे सांगितले तर मंडळ ऐकते, असा माझा अनुभव आहे. आणि ‘जामीनदार देण्यास तयार’ हे वाक्य आपणच फुकट बहाल करतो, मग सातबारावाला माणूस शोधत आई तालुकाभर फिरते.

बीडकडची एक आई अशीच फिरत होती. नवरा आणि मोठा मुलगा ऊसतोडीला कोल्हापूर भागात, तोडणी अर्धवट सोडून येता येत नाही कारण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर. धाकट्याने बसस्थानकात एकाचा मोबाइल हिसकावला असा आरोप. जामीन मिळाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता, म्हणून तो आतच. कलम १२ मध्येच लिहिले आहे की जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत तर मुलाला अटी बदलण्यासाठी पुन्हा मंडळापुढे आणावे. हा अर्ज एका पानाचा आहे. तो कुणी दिला नव्हता.

त्याच मुलाच्या फायलीत दुसरा प्रकार होता, तो जास्त सर्रास चालतो. आधीच्या वकिलाने त्याला सांगून ठेवले होते: साहेबांनी विचारलं की ‘हो’ म्हण, समज देऊन सोडतील, एका तारखेत विषय संपेल. घरच्यांनाही ते पटते, कारण प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेला दिवस. पण चोरी किंवा हिसकावून नेणे यांना भारतीय न्याय संहितेत कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत हे ‘किरकोळ’ अपराध. त्यांची चौकशी चार महिन्यांत, मुदतवाढ धरून सहा महिन्यांत संपली नाही तर कलम १४ प्रमाणे कार्यवाहीच संपुष्टात येते. मुळात एकट्या मुलाच्या किरकोळ गुन्ह्यात या कायद्याखालच्या आदर्श नियमांप्रमाणे एफआयआरही नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, बस्स. साक्षीदार येत नाहीत, पंच सापडत नाहीत, आणि आपण मात्र कबुली देऊन मोकळे. मोबाइल त्याने घेतला की नाही हे आजतागायत कुणी सिद्ध केलेले नाही. प्रौढांच्या न्यायालयात ‘तारीख’ हे आपले शस्त्र असते. इथे वेळ कायद्यानेच मुलाच्या बाजूला ठेवला आहे, आणि तो आपण वापरत नाही. उलट गंभीर प्रकरणांत आपणच तारखा मागतो आणि सतराव्या वर्षी आलेला मुलगा मिशा ठेवून, लग्न ठरवून मंडळापुढे बसलेला दिसतो.

‘कबूल कर’ याचे पुढे काय होते तेही सांगते. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा झाला की पहाटे मैदानावर धावायला लागतो, पोलीस भरतीसाठी. महाराष्ट्राच्या खेड्यांत दुसरी कुठली नोकरी इतक्या मुलांना धावायला लावत नाही. लेखी, मैदानी सगळे निघते आणि चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद वर येते. कलम २४ म्हणते की अशा मुलाला कुठलीही अपात्रता लागू नये आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट कराव्यात. बालपणीच्या गुन्ह्यावरून नोकरी नाकारता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. पण ठाण्यातल्या संगणकातली नोंद आपोआप जात नाही. ती नष्ट करण्याचा आदेश मागणारा अर्ज प्रकरण संपतानाच द्यायचा असतो. आपल्या दृष्टीने ‘समज देऊन सोडले’ म्हणजे काम झाले, फाइल कपाटात. मुलाच्या दृष्टीने खरे काम त्यानंतरचे आहे.

सगळ्यात अवघड भाग कलम १५ चा. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर ‘घोर’ अपराधाचा, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षे किंवा जास्त असलेल्या अपराधाचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते: गुन्हा करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत गुन्हा झाल्याचे म्हटले जाते ती परिस्थिती. त्यावरून ठरते की खटला मंडळापुढेच राहणार की मूल प्रौढासारखे बाल न्यायालयात (म्हणजे मंडळाऐवजी सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या न्यायालयात) उभे राहणार. फौजदारी वकिलाला आयुष्यभर एक गोष्ट शिकवलेली असते, पक्षकाराला गप्प बसव. इथे मूल गप्प बसले तर मानसशास्त्रज्ञाच्या अहवालात ‘सहकार्य करत नाही, पश्चात्ताप दिसत नाही’ असे येते. आणि बोलले तर? परिस्थिती सांगता सांगता ते गुन्हा सांगून जाते, खटला अजून सुरूही झालेला नसताना. नियम म्हणतात की मूल्यांकनाच्या वेळी मूल निर्दोष आहे असेच गृहीत धरायचे. निर्दोष धरायचे आणि त्याच वेळी त्याने ते कुठल्या परिस्थितीत केले हे तपासायचे. ही कसरत कायद्यानेच मंडळावर लादली आहे. माझ्याकडे याला पक्के उत्तर नाही. मी मुलाला घर, शाळा, झोप, मित्र, व्यसन यांविषयी मोकळेपणाने बोलायला सांगते आणि त्या दिवसाविषयी ‘वकील मॅडमना विचारा’ म्हणायला सांगते. एका तज्ज्ञांना हा शहाणपणा आवडला नाही. त्यांनी मुलाच्या ‘परिपक्वते’चा पुरावा म्हणून तेच वाक्य अहवालात उतरवले! त्यावर मी लेखी हरकत घेतली. अहवालाची प्रत मागणे, तो कोणत्या चाचण्यांवर उभा आहे हे विचारणे, त्याला उत्तर देणे, हे सगळे मुलाच्या वकिलाचे काम आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्रामच्या शाळेतल्या खून प्रकरणात बजावले आहे की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे. तरी एका भेटीत आटोपलेला अहवाल समोर येतो आणि आपण ‘हरकत नाही’ अशी पुरशिस (लेखी निवेदन) देतो.

आणि घोर अपराध म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे खून-दरोडे येतात. माझ्या फायलींत त्याहून जास्त दिसतात ती पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अपराधांच्या कायद्याची प्रकरणे: सतरा वर्षांचा तो, सोळा वर्षांची ती, दोघे घरातून निघून गेले, तिच्या वडिलांनी तक्रार दिली. संमतीचे वय अठरा, शरीरप्रवेश असलेल्या लैंगिक हल्ल्याची किमान शिक्षा दहा वर्षे, म्हणजे अपराध ‘घोर’, म्हणजे प्राथमिक मूल्यांकन. इथे बळजबरीची प्रकरणेही येतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. सगळेच प्रेमप्रकरण म्हणून खपवणारा वकील मुलीवर अन्याय करतो आणि मंडळाचा आपल्यावरचा विश्वासही घालवतो. पण ही दोन पोरे जेव्हा खरोखरच नुसती पळून गेलेली असतात, तेव्हा मुलाच्या वकिलाला कायद्यातली वर्गवारी नीट माहीत हवी. कमाल शिक्षा मोठी पण किमान सात वर्षांची नाही, असे अपराध ‘घोर’ नव्हेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. दोषारोपपत्रातले कलम या चाळणीतून नीट गाळले तर काही मुलांवर मूल्यांकनाची वेळच येत नाही.

कल्याणीनगरविषयी लिहिले नाही तर आपण म्हणाल, बाई सोयीचे तेवढे बोलल्या. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर मारले गेले, चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचा आरोप, आणि त्याच दिवशी जामीन, तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह. संताप झाला आणि तो होणारच होता. त्या दोघांच्या घरी काय उरले हे कुणाला कळत नाही असे नाही. पुढे तो निरीक्षणगृहात (रिमांड होममध्ये) गेला, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडायचा आदेश दिला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. मला त्या प्रकरणात दोन गोष्टी बोलायच्या आहेत. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली अटक झाली ती मोठ्यांना, त्यांत आईवडीलही होते. मुलाभोवतीच्या मोठ्यांचे हित आणि मुलाचे हित एक धरून चालता येत नाही, हे मी मघापासून म्हणते आहे. दुसरी गोष्ट, त्या निबंधाचा भुर्दंड भलत्यांनीच भरला. माझ्याकडच्या मंडळात त्यानंतर बरेच दिवस मोबाइल चोरीच्या जामिनालाही ‘सध्याचे वातावरण’ हे उत्तर ऐकावे लागले. ज्या मुलांच्या घरी सायकल नाही ती मुले एका आलिशान मोटारीमुळे आत राहिली. तेव्हा वकील संघांनी एक निवेदन तरी काढायला हवे होते, की कलम १२ तेच आहे, बदललेले नाही. मला तरी असे निवेदन कुठे दिसले नाही.

बाहेरच्या देशांचे दाखले मला फारसे आवडत नाहीत, पण एक देते, कारण तो आपल्यासारख्याच वकिलांचा आहे. इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून मुलावर गुन्ह्याचा आरोप ठेवता येतो. (आपल्या संहितेत तर ते वय सातच आहे, आपल्याला वाचवते ते मंडळ.) १९९३ मध्ये तिथे अकरा वर्षांच्या दोन मुलांवर लहानग्याच्या खुनाचा खटला भर क्राउन कोर्टात चालला. त्यांना दिसावे म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातली फरशी मुद्दाम उंच केली होती, त्यामुळे सगळ्या कोर्टाला तीच दोघे दिसत राहिली. १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटले की ही मुले स्वतःच्या खटल्यात खऱ्या अर्थाने सहभागीच होऊ शकली नाहीत, म्हणजे त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही. वकील शेजारी होते, चांगले होते, तरीही. तिथेही मुलांचे न्यायालय ही नव्या बॅरिस्टरांची हात साफ करायची जागा समजली जाई. ही समजूत मोडायला तिथल्या बॅरिस्टरांच्या नियामक मंडळाने २०१७ मध्ये मुलांच्या खटल्यांत उभे राहणाऱ्यासाठी किमान कौशल्यांचे निकष जाहीर केले आणि पुढे असे काम करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. मुलाशी त्याला कळेल असे बोलता येणे, त्याच्या अडचणी ओळखता येणे, कायदा माहीत असणे. निकष काही आकाशातले नाहीत.

आपल्याकडे याहून चांगली सुरुवात झाली होती. मुंबई प्रांताचा मुलांसाठीचा कायदा १९२४ चा आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांतल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात भांडून मुलांना तुरुंगात ठेवू नका असा आदेश मिळवला, आणि त्याच वर्षी देशाचा पहिला बाल न्याय कायदा आला. नियमही असे की मंडळाची खोली कोर्टासारखी दिसू नये, उंच व्यासपीठ नको, साक्षीदाराचा पिंजरा नको. मुंबईत मात्र निरीक्षणगृह आहे ते डोंगरीच्या जुन्या तुरुंगात, जिथे १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले. मुलांना भेटायला त्याच दरवाजातून जावे लागते.

तेव्हा मागणी अशी. बाल न्याय मंडळापुढे वकीलपत्र दाखल करणाऱ्याने ठरावीक प्रशिक्षण घेतलेले असावे आणि त्याची नोंद बार कौन्सिलने ठेवावी. सनद असली की कुठेही उभे राहता येते हे मला माहीत आहे, अधिवक्ता अधिनियमाच्या विरोधात जाणारी सक्ती मी मागत नाही. सुरुवात निदान विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांपासून आणि मोफत बचावाचे वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयांपासून होऊ शकते, कारण मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि बहुतेक मुले तिथूनच येतात. सज्ञान सहआरोपीचा वकील मुलाला नको, हे वर लिहिलेच. पॅनेलची फी वाढवण्याविषयी विधी सेवा प्राधिकरणाशी बोलावे. मुलाशी बोलण्याच्या, दाखल्यासाठी शाळेत जाण्याच्या वेळेचे पैसे वेगळे मिळाले तर ते काम होईल, नाहीतर साचेबंद अर्जच चालू राहतील. गोवाही आपल्याच कौन्सिलमध्ये आहे. मेरशीच्या ‘अपना घर’ या मुलांच्या गृहात जाणाऱ्या सहकाऱ्यांचा अनुभव ऐकायला मला आवडेल, तिथे मुलांसाठी २००३ चा वेगळा कायदा आणि वेगळे न्यायालय आहे.

एक आक्षेप येईल तो आधीच घेते. काही ज्येष्ठ म्हणतील की आम्ही पक्षकाराच्या सूचनेप्रमाणे चालतो, समाजसेवा करत नाही. अगदी बरोबर. मीही तेवढेच मागते आहे. पक्षकाराच्या सूचना घ्या, फक्त त्या पक्षकाराकडून घ्या. सोळा वर्षांच्या मुलाला काय हवे ते सांगता येते. कधी ते मूर्खपणाचे असते, कधी त्याला घरी जायचेच नसते कारण घरातच मार आहे, आणि मग जामीन कुणाच्या ताब्यात मागायचा याचा विचार करावा लागतो. अशा वेळी बापाचा फोन येतो, मॅडम फी मी दिली आहे. मी पावती पाठवते आणि मुलाला भेटायला जाते.

जामिनाच्या अटी बदलण्याचा, वय ठरवण्याचा, किरकोळ अपराधातली कार्यवाही संपुष्टात आणण्याचा, मूल्यांकन अहवालाची प्रत मागण्याचा, कलम ८३ खाली कारवाईचा आणि नोंदी नष्ट करण्याचा, असे अर्जांचे नमुने मी मराठीत करून ठेवले आहेत. त्यांवर कुणाचा हक्क नाही. ज्या संघाला हवे असतील त्याने आमच्या संघाच्या ग्रंथालयातून प्रती न्याव्यात, त्यातल्या चुका दाखवाव्यात. आमच्या संघाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी सहआरोपीच्या वकिलाबाबतचा ठराव मी दिला आहे. त्याला अनुमोदक अजून मिळालेला नाही. दुसऱ्या एखाद्या संघाने तो आधी मंजूर केला तर मला सोपे जाईल.

आपली,
जिल्हा वकील संघाची एक सभासद